काचेखालचा गोल

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर वाद नको. भूत, भानामती, स्वप्नात येऊन रस्ता दाखवणारे पूर्वज... यातलं मी काहीही मानत नाही. आजही नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि माझा धंदाच मुळी 'दिसलं तर लिहीन' असा आहे. पेशंट रडो, नातेवाईक हात जोडोत, काचेवर जे दिसत नाही ते माझ्या रिपोर्टात येत नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि मनातल्या मनात कारणं लावत बसते... उंदीर असेल, ॲसिडिटी असेल, सासू असेल. रागावू नका. आता तुमची पाळी आली आहे. माझ्या अनुभवाला तुम्ही कारण लावून दाखवा, मला अजून जमलेलं नाही.

ठिकाण बालाघाट, मध्य प्रदेश. हो, इथे मराठी माणसं राहतात, पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि पुण्याच्या कोणी 'अरे वा, तुम्ही किती छान मराठी बोलता' असं म्हटलं की आम्हाला हसू येतं. माझं माहेर नागपूरचं. लग्न करून इकडे यायला निघाले तेव्हा एका मैत्रिणीने 'एम.डी. करून बालाघाटला?' असं विचारलं होतं, जणू मी वनवासालाच निघाले होते. तिला काय माहीत, की सासरी मला मायक्रोस्कोपसकट सासरे मिळणार होते.

बाबा, म्हणजे माझे सासरे, सरकारी दवाखान्यात आयुष्यभर पॅथॉलॉजिस्ट होते. रिटायर झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या दोन खोल्यांत लॅब टाकली. एका खोलीत रक्त घेणं, रंगकाम आणि पेशंटची बाकडी. आतल्या खोलीत मायक्रोस्कोप, जाळीची खिडकी आणि दोन खुर्च्या. कॉलेजात मला परीक्षा पास व्हायला शिकवलं, बघायला मात्र बाबांनी शिकवलं. मी स्लाइड भराभर सरकवायला लागले की शेजारच्या खुर्चीतून म्हणायचे, "घाई काहून करतं डॉक्टरीणबाई? काच कुठं पळून नाही जाऊन राह्यली."

त्यांची एक सवय इथे नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. काचेवर कुठे महत्त्वाचं काही दिसलं की आम्ही त्या जागी शाईने खूण करतो, म्हणजे नंतर बघणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही. मी मार्करचा एक ठिपका देते आणि मोकळी होते, सगळं जग तेच करतं. बाबा टाक वापरायचे. निब, दौत, ड्रॉइंगची काळी शाई, सगळा थाट. मसुराच्या दाण्याएवढा गोल काढायचे, आणि तोही पूर्ण नाही. एका बाजूला फट ठेवायचे. मी सुरुवातीला विचारलं होतं, हात थरथरतो का म्हणून. रागावले नाहीत.

"बंद गोल काढला का मागून येनारा तेवढंच पाहते आन् उठते," ते म्हणाले. "दार उघडं असलं का तो बाहेरही जाऊन पाहते."

आणि फट कुठेही नसायची. पुढे जिकडे बघायला हवं, त्या बाजूलाच ते दार ठेवायचे. मी त्यांना चिडवायचे की बाबा, तुमच्या गोलांना वास्तुशास्त्र लागतं. तेही हसायचे, पण फट काही सोडायचे नाहीत.

मी सांगतेय ती गोष्ट घडली तेव्हा बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. टाक आणि दौत टेबलाच्या ड्रॉवरमध्ये तशीच पडून होती. टाकून द्यायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं आणि वापरणारंही कोणी नव्हतं.

आता प्रज्ञा. नाव बदललं आहे. किरनापुरजवळच्या एका गावची, विशी नुकती ओलांडलेली, तिथल्याच सरकारी शाळेत अतिथी, म्हणजे हंगामी, शिक्षिका. वडील लांजीच्या बसवर ड्रायव्हर. पोटात डावीकडे जड जड वाटतं म्हणून तिने बरेच महिने गॅसच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी बाहेरगावी कुठेतरी सीटी स्कॅन झाला आणि स्वादुपिंडाच्या, म्हणजे पॅन्क्रियासच्या, शेपटाकडच्या भागात संत्र्याएवढी गाठ निघाली. स्कॅनच्या कागदावर कॅन्सरची दाट शक्यता असल्याचं लिहिलं होतं.

पॅन्क्रियासचा कॅन्सर म्हटलं की प्रत्येकाला कोणीतरी आठवतं, आणि तो कोणीतरी जिवंत नसतो. नातेवाइकांनी वडिलांना सांगून टाकलं, पोरीची चिरफाड करून हाल करू नका, घरी न्या, तिला आवडेल ते खाऊ घाला. तेही जवळजवळ तयार झाले होते. आमच्या इथल्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी मात्र हट्ट धरला की निदान गाठीचं नाव तरी कळू द्या. सोनोग्राफीत बघत बघत पोटातून बारीक सुई गाठीत घालायची, थोड्या पेशी ओढून घ्यायच्या, काचांवर पसरायच्या आणि रंगवून बघायच्या. याला एफएनएसी म्हणतात. टाका नाही, भूल नाही, आणि नीट बघणारं कोणी असेल तर या एवढ्याशा सुईतून माणसाचं नशीब कळतं. याचा मला गर्व आहे आणि मी तो लपवत नाही.

काचा पसरायला मी स्वतः तिथे गेले होते. टेबलावर झोपल्या झोपल्या प्रज्ञा मला म्हणाली, "म्याडम, पोरायची छमाही हाये. कॉप्या मलेच चेक करायच्या हायेत. तब तक तो ठीक रहूँगी ना?"

तिला सहामाहीच्या उत्तरपत्रिकांची काळजी. मी म्हटलं, आधी सुई तर होऊ दे. दुसरं काय म्हणणार?

सुईत रक्तच जास्त आलं. दुसऱ्यांदा घातली तर पोरीचा चेहरा पांढरा पडला, बीपी उतरलं आणि सोनोग्राफीत गाठीच्या कडेला थोडं रक्त साचलेलं दिसायला लागलं. डॉक्टरांनी हात काढून घेतला आणि आता पुन्हा सुई नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं. म्हणजे माझ्या हातात त्या मूठभर काचा, तेवढंच.

काचा अनसूयाने रंगवल्या. अनसूया आमची टेक्निशियन, बाबांच्या वेळेपासूनची. रंगवून झालं की काचेवर चिकट द्रवाचा थेंब ठेवून वर दुसरी पातळ काच बसवतात, तिला कव्हरस्लिप म्हणतात. रात्रभरात ते असं घट्ट वाळतं की आतलं बाहेर येत नाही आणि बाहेरचं आत जात नाही. हे कृपा करून लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बघायला बसले. रक्त. मेलेल्या पेशींचा चुरा. मधूनच फेसाळलेल्या पेशी. पुन्हा रक्त. एखाददुसरी गोल पेशी एकटीच पडलेली, जी कशाचीही असू शकते. सगळ्या काचा झाल्या. शेवटची काच मायक्रोस्कोपवर तशीच ठेवून मी कंप्युटरकडे वळले आणि टाइप करायला घेतलं... नमुना अपुरा, कॅन्सर नाकारता येत नाही.

असलं वाक्य लिहिलं की डॉक्टर सुरक्षित राहतो, पेशंट नाही. हे वाक्य हातात पडलं की ते लोक तिला घरी नेणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण न दिसलेलं मी लिहायचं कसं?

तेवढ्यात बाहेरून अनसूयाने हाक मारली. प्रज्ञाचे वडील आले होते, ड्यूटीच्या खाकी कपड्यांतच. मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभी राहून त्यांच्याशी बोलले. आतल्या खोलीला तेवढं एकच दार आहे. अनसूया माझ्यासमोर एका आजींचं रक्त घेत होती. मी त्यांना खरं ते सांगितलं की रक्तामुळे नीट काही दिसत नाही, पण चांगलंही काही दिसलेलं नाही.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्याडम, मले एकच सांगा. पोरीले नागपूरले नेऊ का घरी नेऊ? तुमी म्हनसान तसं करतो."

मी म्हटलं, थांबा, अजून एकदा बघते.

"पाहा," ते म्हणाले. "मी बसून राह्यतो."

आत आले. डोळा लावला. आणि समोरचं अर्धं झाकणारी काळी भिंत... मायक्रोस्कोपमध्ये केससुद्धा दोरखंडाएवढा दिसतो, त्यामुळे मला वाटलं, वरून काही कचरा पडला. कापडाला झायलिन लावून काच पुसली. झायलिनने मार्करची शाई चटकन जाते. हे गेलं नाही. नखाने खरवडलं. नख गुळगुळीत काचेवरून घसरलं... कारण काळं काचेवर नव्हतंच. ते कव्हरस्लिपच्या खाली होतं.

काच उचलून खिडकीशी धरली. मसुराच्या दाण्याएवढा गोल. काळ्या शाईचा. एका बाजूला फट.

मला घाम फुटला, हे कबूल करते. खुर्चीत बसले तर ती बाबांची खुर्ची निघाली, म्हणून उठून माझ्या खुर्चीत बसले. हसा. मलाही आता हसू येतं.

पण बाहेर एक बाप बसून होता. म्हणून घाबरायचं काम नंतरसाठी ठेवलं आणि काच परत मायक्रोस्कोपवर चढवली. गोलाच्या आत पाहिलं तर अगदीच थोडकं काही होतं. एक गुलाबी धागा आणि त्याला चिकटलेल्या चारदोन पेशी. नुसत्या एवढ्यावर मी सही केली नसती, कोणी करू नये. मग मी ते केलं जे बाबा शेजारी बसलेले असताना करत असे. दाराने बाहेर गेले. काचेच्या ज्या कडेला पेशंटच्या नावाची चिठ्ठी असते तिकडे फट उघडत होती, अगदी काठाला, जिथे सहसा कोणी फिरकत नाही कारण तिथे काही नसतं.

तिथे होतं. कढीपत्त्याची डहाळी असते ना, मधोमध बारीक काडी आणि दोन्ही बाजूंनी पानं, तशी एक रक्तवाहिनी आणि तिला बिलगून ओळीने पेशी. काडीभोवती गुलाबी जांभळा रंग असा चढलेला की बघत राहावं. पेशींची केंद्रकं शांत, सारखी, आणि प्रत्येकावर गव्हाच्या दाण्यावर असते तशी उभी चीर. एक डहाळी, तिच्यामागे दुसरी, तिसरी... काठाकाठाने सगळी बागच होती.

सॉलिड स्यूडोपॅपिलरी निओप्लाझम. नाव लांबलचक आहे आणि गाठ दुर्मिळ. आयुष्यभर ही कामं करणाऱ्यालाही क्वचितच भेटते, मला तर पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच भेटली. बहुतेक वेळा तरुण मुलींना होते, सावकाश वाढते, स्वभावाने गरीब असते. वेळेवर पूर्ण काढली की बहुतेक पोरी बऱ्या होऊन आपापल्या कामाला लागतात. स्कॅनमध्ये, किंवा रक्तात लडबडलेल्या सुईत, ती भल्याभल्यांना चकवते. मला तिने चकवलं नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यामुळे पुन्हा काही दिसेना, ती गोष्ट वेगळी.

टाइप केलेलं पुसलं. गाठीचं नाव लिहिलं, खाली लिहिलं की पुढच्या तपासण्यांनी खात्री करावी आणि शस्त्रक्रियेसाठी तातडीने पाठवावं. सही केली. बाहेर जाऊन वडिलांना सांगितलं की तुम्हाला जिची भीती घातली ती ही नव्हे, पोरीला नागपूरला न्या, ही गाठ काढता येते. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि मग बाकड्यावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ज्या आजींचं रक्त घेतलं होतं त्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. ओळख ना पाळख.

आता कारणं लावू. मी सगळी लावून पाहिली आहेत.

अनसूयाने केलं असेल? ती माझ्यासमोर होती, आणि तिने काच बसवली तेव्हा गोल असता तर मला आधीच दिसला असता. मी विचारल्यावर म्हणाली, "म्या लावली तवा काच साफ होती म्याडम. पोराची शप्पथ." दुसऱ्या दिवशी तिने मायक्रोस्कोपला हळदकुंकू वाहिलं आणि त्यातलं कुंकू लेन्सवर गेलं, त्यावरून आमचं भांडणही झालं. चिकट द्रवात शाईचा थेंब पडला असेल? पडला तर डाग होईल. नेमक्या जागी, नेमक्या बाजूला दार ठेवून गोल होणार नाही. आणि मुख्य म्हणजे खूण करायची तर आधी बघावं लागतं, बघायचं तर आधी काच बसवावी लागते. काचेखालची खूण म्हणजे कोणीही बघण्याच्या आधी केलेली खूण. बरं, आधीच होती म्हणावं, तर पहिल्या वेळी ती मला दिसली का नाही? काळी भिंत होती ती, पेशी नव्हे.

माझा नवरा इथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो. तो म्हणाला, तूच केलं असशील आणि विसरली असशील. मी काच त्याच्या हातात दिली. त्यानेही नखाने खरवडून पाहिलं. मग ड्रॉवर उघडून दौत काढली. तळाशी शाईचे सुकलेले पापुद्रे होते, हलवल्यावर खुळखुळले. निबला गंज चढला होता. बराच वेळ त्याने काच उजेडात धरून ठेवली आणि एवढंच म्हणाला, की शेवटचं टोक जाड आहे बघ, बाबांचं तसंच व्हायचं. मग उठून झाडांना पाणी घालायला गेला. पाणी सकाळीच घातलं होतं.

प्रज्ञाला घेऊन ते लोक राजेगाववरून गोंदियाला आणि तिथून ट्रेनने नागपूरला गेले. सोबत माझा रिपोर्ट आणि काचांचा डबा. काही दिवसांनी मला तिथल्या मोठ्या दवाखान्यातून फोन आला, पॅथॉलॉजीच्या प्रमुखांचा. गाठ पूर्ण निघाली होती आणि माझं निदान बरोबर आलं होतं. त्यांना विश्वास बसत नव्हता. दोनदा विचारलं, हे बालाघाटात ओळखलं का म्हणून.

मी म्हटलं, "हो सर. बालाघाटात."

इतकं सुंदर वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही. फोन ठेवायच्या आधी ते म्हणाले की ती खूण फार उपयोगी पडली, सरळ तिथे पोचलो, पण ती कव्हरस्लिपच्या खाली कशी केलीत? मी म्हटलं, आमच्याकडची जुनी पद्धत आहे. मग त्या 'बालाघाटला?' विचारणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला आणि तिला सगळं तपशीलवार ऐकवलं. गोल सोडून. संध्याकाळी पेढे आणून गल्लीभर वाटले, आणि कोणी विचारलं की मुलगा झाला का मुलगी, तर सांगितलं, मुलगी वाचली.

छमाही तिची हुकली, पण वार्षिक परीक्षेच्या कॉप्या प्रज्ञानेच तपासल्या. त्यानंतर एकदा ती वडिलांसोबत आली, चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन. अंगाने भरली होती. म्हणाली, म्याडम, मले ते पाहायचं हाये, जे माह्या पोटात होतं. नागपूरहून काचा परत आल्या होत्या. मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं आणि लावून दिलं.

ती बघत राहिली. "गोल पूरा नाही केला तुमी?"

मी सांगितलं की गोल माझा नाही, आमच्या बाबांची पद्धत आहे ती. तिथून बाहेर जाता यावं म्हणून दार ठेवतात. तिला बटण कसं फिरवायचं ते दाखवलं. तिने हळूच काच सरकवली, फटीतून बाहेर, काठाकडे, जिथे त्या डहाळ्या आहेत. वडील मागे उभे होते. त्यांनी खाकी टोपी काढून हातात धरली होती.

"म्हनजे मी इथून बाहेर निघाली," ती म्हणाली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा टाकायला घरात गेले.

मी आता नवी दौत आणली आहे. टाकाने गोल काढते, फट ठेवून. माझे गोल अजून वाकडे येतात, आणि सगळे काचेच्या वरच असतात. त्या रिपोर्टवरची सही माझी आहे आणि डहाळी मी ओळखली, ते श्रेय मी कोणाला देणार नाही, बाबांनाही नाही. त्यांनी घेतलंही नसतं. बाकी माझा नियम सुरुवातीलाच सांगितला आहे, दिसलं तर लिहीन. दिसलं, म्हणून लिहिलं. खाली निदानाची जागा कोरी सोडली आहे.